त्रिफोनच्या घरात दिवा

१

मेतोदी जिन्यावरून खाली कोसळला तेव्हा चौदा नंबरच्या इमारतीत कुणीच दार उघडून बाहेर आलं नाही. यायला होतंच कोण?

सकाळी पेत्काना आजी पाव आणायला खाली उतरली, तर तिसऱ्या विंगमध्ये जिन्याच्या मधल्या पोकळीच्या तळाशी तो पालथा पडलेला. अंगावर ओव्हरकोट, पायातला एक बूट निसटलेला. सातव्या मजल्यावर कठड्यापाशी त्याचा चष्मा मिळाला. कठडा चांगला कमरेच्या वर येत होता. धडधाकट माणूस आपला आपण त्यावरून पडेल, असा तो नव्हता.

प्रांताच्या नगररचना कचेरीत बातमी आली आणि नेव्यानाच्या हातातला कॉफीचा पेला तसाच राहिला. मेतोदी आणि ती वर्षानुवर्षं एकाच खोलीत समोरासमोर बसत आली होती. आदल्या दिवशी संध्याकाळी त्याचाच फोन आला होता. मागे वारा घोंघावत होता आणि तो हळू आवाजात बोलत होता, जणू कुणी ऐकेल.

"नेव्याना, मी चौदा नंबरच्या अंगणात उभा आहे. दारावर त्रिफोन नावाच्या म्हाताऱ्याचं शोकपत्रक चिकटवलंय, फोटोसकट. आणि त्याच्याच घरात दिवा लागलाय."

"मुलगा आला असेल त्याचा."

"मुलगा स्पेनमध्ये आहे. मेलेला माणूस दिवा लावून बसलाय बघ. वर जाऊन येतो, मग सांगतो."

ते सांगणं राहूनच गेलं.

नेव्याना बसने डॅन्यूबकाठच्या त्या गावी पोचली तेव्हा नदीवर धुकं उतरलं होतं. पलीकडचा रोमानियाचा काठ पुसून गेला होता. इन्स्पेक्टर क्रूम तिला इमारतीच्या दारातच भेटला. जाडजूड, दमेकरी माणूस, पण वाईट नव्हता.

"त्रिफोनच्या घराला कुलूप होतं, बाई. आत अंधार. दारातून कुणी गेलं-आलं याची खूण नाही. तुमच्या मित्राला भास झाला असणार."

"आणि ढकललं तेही भासानंच?"

क्रूमनं वर पाहिलं. "ढकललं असेल तर मला एकच नाव दिसतं. इथल्या बहुतेक घरांच्या किल्ल्या एकाच बाईकडे आहेत. तुमचा मेतोदी इथं घरं मोजायला आला होता. घरं रिकामी आहेत हे त्याला कळलं असतं, तर इमारत पाडली गेली असती. आणि ती बाई म्हणते, मला पाडापाडी मेल्यावर दाखवा."

"वय काय तिचं?"

"हात बघा तिचे, मग वय विचारा. परवा सकाळी घेऊन जाणार आहे मी तिला."

२

पेत्काना आजीचे हात खरोखरच मोठे होते. आयुष्यभर जहाजगोदीत दोर ओढलेले. तिनं नेव्यानाला घरात घालायच्या चपला दिल्या, भाजलेल्या मिरच्यांची चटणी आणि पाव पुढे ठेवला, आणि मग म्हणाली, "खा. मी तुरुंगात जायच्या आधी पाहुणा उपाशी गेला असं नको व्हायला."

"आजी, तुम्ही त्याला भेटला होतात?"

"दुपारी आला होता. चांगला पोरगा. मी म्हटलं, 'मोज बाबा, पण संध्याकाळी मोज. दिवसा इथं काही दिसत नाही.'"

बाहेर अंधारून येऊ लागलं तशी आजी उठली. खुंटीवरून किल्ल्यांचा भला मोठा जुडगा काढला. "चल, कळेल तुला."

लिफ्ट कधीची बंद होती. दोघी जिन्यानं एकेक मजला चढत गेल्या. आजी एक दार उघडायची, आत शिरायची, दिवा लावायची. प्रत्येक घर जसं सोडून गेले होते तसं होतं. टेबलावर मेणकापड, भिंतीवर थांबलेलं घड्याळ, कपाटाच्या काचेआड कुणाच्या तरी लग्नातले पेले. पण धूळ नव्हती. आजी रोज पुसत होती.

"हे दिमोव्हचं घर. जर्मनीत ट्रक चालवतो. दिमोव्ह, दिवा लावला रे," ती रिकाम्या खोलीला सांगायची. "हे रुमेनचं. बायको इटलीत म्हातारी माणसं सांभाळते. पोरी, तुझी कुंडी फुललीय बघ."

आजी बोलायची, आणि क्षणभर थांबायची. जणू उत्तर ऐकायची.

"त्यांनीच सांगितलं होतं, जाताना. 'आजी, संध्याकाळी दिवा लाव, म्हणजे चोरांना वाटेल घरात माणूस आहे.' एक गेला, दुसरा गेला. सगळ्यांनी किल्ल्या माझ्याकडेच दिल्या. आता मीच एकटी सगळी इमारत आहे."

"म्हणजे मोजणाऱ्याला बाहेरून इमारत भरलेली दिसते."

"दिसू दे की! दिसली तर टिकेल. तू खरं लिहिलंस तर पाडतील, होय ना?"

प्रश्न तितका सोपा नव्हता. नगरपालिकेपुढे तीन पर्याय होते. डागडुजी करून इमारत राखायची. नाही तर ती पाडून बाग आणि विरळ, बैठी घरं करायची. नाही तर काठावर उंच मनोरा बांधायचा. आणि नियम असा की जितक्या घरांत आज माणसं राहतात, तितकीच घरं नव्या मनोऱ्यात बांधता येतील. इमारत रिकामी ठरली तर बाग. भरलेली ठरली तर डागडुजी करा किंवा मनोरा बांधा, दोन्ही मोकळं. आजीला वाटत होतं, तिचे दिवे तिचं घर राखताहेत. त्याच दिव्यांच्या उजेडात कुणीतरी मनोऱ्याचे मजलेही मोजत असेल, हे तिच्या गावीही नव्हतं.

सातव्या मजल्यावर कोपऱ्यातलं एक दार आजीनं न उघडता ओलांडलं. ओलांडताना छातीवर क्रूस काढला.

"त्रिफोनचं?"

"मेलेल्याच्या घरात मी दिवा लावत नाही. आत्म्याला वाटतं अजून आपली वाट बघताहेत, मग तो जात नाही. शिवाय किल्ली त्याच्या पोरानं मागवून घेतली."

"आजी, त्या संध्याकाळी तुम्ही काही पाहिलंत. मला सांगा."

आजी बराच वेळ जुडग्यातली एक किल्ली बोटांनी चाचपत राहिली.

"सातव्यावरचे दिवे लावून खाली उतरले, सहाव्यावरचा एक राहिला होता तो लावत होते. डोक्यावर पावलं वाजली. त्रिफोनच्या घरात. मी खिडकीतून वाकून अंगणात पाहिलं, तर जमिनीवर उजेडाचा चौकोन पडलेला. त्याच्या स्वयंपाकघराचा. मी जी धावत खाली घरात शिरले, ती कडी लावून देवासमोर बसले. मग काहीतरी धप्पकन वाजलं. मी उठले नाही गं. कानांवर हात ठेवले."

"पोलिसांना का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? भूत धरा म्हणून?" तिचा आवाज चिरकला. "पोरी, त्या दिवशी त्रिफोनला जाऊन चाळीस दिवस झाले होते. चाळिसाव्या दिवशी मेलेले शेवटचं घर बघायला येतात."

३

भूत असेल तर मेतोदीचा चष्मा उडण्याचं कारण नव्हतं. नेव्याना रात्रभर हॉटेलात तळमळत पडली. डोळा लागला की फोनवरचा आवाज यायचा, 'वर जाऊन येतो, मग सांगतो', आणि ती दचकून उठायची. सकाळी उठून ती कामाला लागली.

पहिला ओग्न्यान. मनोरा बांधायला टपलेला बांधकामवाला. मेतोदीशी त्याचं बाजारात सगळ्यांदेखत भांडण झालं होतं. तो नदीकाठच्या टपरीत मासळीचं सूप भुरकत होता.

"या बाई! मला बेड्या घालायला आलात की माझ्याकडे फ्लॅट बुक करायला?"

"त्या संध्याकाळी कुठं होता?"

"इथंच, काठावर. सोफियाचं जोडपं आणलं होतं, जागा दाखवायला. तुमचा मेतोदी माझा शत्रू होता, कबूल. पण मी माणसं उंचावरून ढकलत नाही, उंचावर चढवतो. तोच धंदा आहे."

"इमारत दिसत होती?"

"दिसत होती म्हणजे? नदीकडची सगळी बाजू समोरच की. वरची ओळ लखलखत होती, फक्त टोकाची एक खिडकी काळी. गिऱ्हाइकाची बायको म्हणाली, म्हातारीचा दात पडलाय. मी हसलो. तिला म्हटलं, आम्ही सोन्याचा बसवू."

"टोकाची म्हणजे सातव्यावर कोपऱ्यातली?"

"तीच. नीट आठवतंय. दातावरनं अर्धा तास चेष्टा चालली होती."

मेतोदीनं त्या घरात दिवा पाहिला. आजीनं पाहिला. आणि हा म्हणतो खिडकी काळी होती. हा बहुधा खोटं बोलतोय, नेव्यानाच्या मनात आलं. पण असलं खोटं बोलून याचा काय फायदा?

दुसरा रांगेल बेलेव. नगरपालिकेचा मुख्य वास्तुकार. पांढरे केस मागे वळवलेले, बोलणं साखरेत घोळलेलं. त्याच्या टेबलावर तिन्ही पर्यायांच्या लाकडी प्रतिकृती मांडल्या होत्या. मनोऱ्याची तेवढी चकचकीत पॉलिश केलेली.

"मेतोदी गेला, फार वाईट झालं, नेव्यानाबाई. असा प्रामाणिक माणूस आता मिळायचा नाही. त्याची मोजणी अपुरी राहिली, पण खरं सांगू? मोजण्यासारखं काय होतं? इमारत भरलेली आहे. मी स्वतः पाहिलंय."

"आत गेला होता कधी?"

"तिसऱ्या विंगमध्ये? छे, छे. पण रोज संध्याकाळी काठावर फिरतो ना. डॉक्टरांनी सांगितलंय. त्या दिवशीही होतो. वरचा मजला या टोकापासून त्या टोकापर्यंत उजळलेला. एरवी कोपऱ्यातली खिडकी काळोखी असते, त्या दिवशी तिथंही दिवा होता. म्हटलं, चला, तिथंही कुणीतरी राहायला आलं. घराला माणूस हवाच."

"काठावरून पाहिलात?"

"काठावरूनच. नदीकडची बाजू तर दिसते तिथून."

नेव्यानाला बरं वाटलं. कुणीतरी मेतोदीच्या बाजूनं बोललं. म्हणजे ओग्न्यान खोटारडा. तिनं बेलेवचे आभार मानले, जिना उतरली, आणि समोरून क्रूम घाईघाईनं आला.

"म्हातारीनं कबूल केलं, बाई."

"काय कबूल केलं?"

"की त्या संध्याकाळी ती वर सहाव्या मजल्यावर होती. आणि खाली पडल्याचा आवाज तिनं ऐकला."

४

"उद्या सकाळपर्यंत थांबा," नेव्यानानं क्रूमला गळ घातली. "आणि मला त्रिफोनचं घर उघडून द्या."

क्रूम कुरकुरला, पण त्यानं कुलूपवाला आणला. तिच्या मागोमाग आजीही आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. आत यायला तयार होईना.

घरात औषधांचा आणि शिळ्या तंबाखूचा वास होता. अंगणाकडे स्वयंपाकघर, नदीकडे मोठी खोली. खोलीत पलंग, त्रिफोनची काठी, आणि खिडकीवर जमिनीपर्यंत लोळणारा जाड पिवळा पडदा. उशाशी पायदिवा. नेव्यानानं बटण दाबलं. खोली उबदार उजळली, पडदा मधासारखा चमकला. आत उभं राहिलं की वाटायचं, हा उजेड थेट नदीपर्यंत पोचत असणार.

कोण उभं होतं इथं? याच जागी? तिला एकदम वाटलं, आपल्या पाठीमागे मेतोदी येऊन उभा आहे आणि काहीतरी सांगायचं म्हणून घसा खाकरतोय. वळून पाहिलं, तर उंबऱ्यापाशी आजी.

"दिवा बंद कर, पोरी. बघवत नाही."

"आजी, हा पडदा दिवसाही असाच असायचा?"

"आजारपणात. नदीची चकाकी त्याच्या डोळ्यांत खुपायची. मोतीबिंदू. पडद्यानंही भागेना, तेव्हा उन्हाळ्यात मीच..."

नेव्यानानं पडदा बाजूला सारला. पडद्यामागे नदी नव्हती. काचेच्या काठापासून काठापर्यंत काळा जाड कागद, कडेनं खळ लावून घट्ट चिकटवलेला. सुईच्या टोकाएवढाही उजेड बाहेर जाईना.

ती पलंगावर बसली. मग हळूहळू उठली आणि क्रूमचा हात धरला.

"इन्स्पेक्टर, आज संध्याकाळी बेलेवसाहेबांना काठावर फिरायला बोलवा. ते तसेही येतातच."

५

नदीवरून थंडगार वारा येत होता. धुकं विरळ झालं होतं. चौदा नंबरच्या खिडक्यांत आजीनं दिवे लावले होते. पाण्यात त्यांची लांबलांब प्रतिबिंबं थरथरत होती. जिथं कुणी नव्हतं त्या घरांची.

बेलेव हातमोजे चढवत आला. क्रूमला पाहून किंचित थबकला, मग हसला. "मोजणी चाललीय वाटतं?"

"शेवटचीच," नेव्याना म्हणाली. "तुम्ही त्या दिवशी कुठं उभे होता, साहेब?"

"इथंच. या बाकापाशी."

"आम्ही आत्ताच त्रिफोनच्या घरात जाऊन उशाजवळचा पायदिवा लावून आलोय. बघा, त्या दिवशी असाच दिसत होता का?"

बेलेवनं मान वर केली. वरची ओळ लखलखत होती. टोकाची खिडकी काळी होती, खरंच दात पडल्यासारखी.

त्यानं चढवलेला हातमोजा परत उतरवला.

"तुम्ही दिवा लावलेलाच नाही," तो म्हणाला.

"लावलाय. एक हवालदार आत बसून पुस्तक वाचतोय त्या उजेडात. पडद्यामागे काळा कागद आहे, साहेब. उन्हाळ्यापासून. नदीकाठावरून त्या खिडकीत दिवा कुणालाच दिसलेला नाही. दिसूच शकत नाही. ओग्न्यानला दिसला नाही. सोफियाच्या जोडप्याला दिसला नाही. मेतोदीनं आणि आजीनं अंगणातून पाहिला, स्वयंपाकघराचा. काठावरून तो दिसला असं सांगणारे तुम्ही एकटे."

"माझी... नजरचूक झाली असेल."

"नजर कुठं होती तुमची काठावर? मी दिवसभर हाच विचार करत होते. ती खिडकी बाहेरून उजळलेली दिसते असं कुणाला वाटेल? बाहेर उभं राहिलेल्याला नाही. जो आत उभा होता, ज्यानं दिवा लावला आणि पडद्यावर पसरलेला उजेड पाहिला, त्यालाच. तुम्ही पाहिला नाहीत तो दिवा. तुम्ही लावलात."

बाकावरून एक कबूतर फडफडत उडालं. बेलेव दचकला.

क्रूम हळूच म्हणाला, "त्रिफोनच्या पोराशी बोललो मी, साहेब. घर कुणाला विकलं, ते त्याला ठाऊक नव्हतं. मध्यस्थाला ठाऊक होतं. घेणारा तुमचा मेहुणा. गेल्या दोन वर्षांत मेलेल्यांची बरीच घरं त्याच्या नावावर झालीत. आणि मनोरा झाला तर भरलेल्या प्रत्येक जुन्या घरामागे मालकाला एक नवं."

"म्हातारी रोज दिवे लावते," बेलेव कुणाकडेच न बघता बोलू लागला. साखर उतरली होती, आवाज कोरडा झाला होता. "मी रोज बघायचो. किती सोपं! मेलेल्यांच्या घरांत तेवढे आपण लावायचे. पहिलंच घर होतं ते. स्वयंपाकघरात लावला, खोलीत लावला, आणि दारात तो उभा. मला म्हणाला, 'अरे, तुम्ही होय? मला वाटलं भूत.' हसत होता. मी म्हटलं, कुठं बोलू नका. तो म्हणाला, 'मोजणीत भुतं धरत नाहीत, साहेब,' आणि जिन्याकडे वळला. मी नुसता त्याचा कोट धरायला गेलो."

"कोट धरला असता तर तो वाचला असता," नेव्याना म्हणाली.

क्रूमनं बेलेवच्या दंडाला धरलं तेव्हा तो परत एकदा वर बघत होता, त्या काळ्या खिडकीकडे. गाडीत बसेपर्यंत त्यानं तिच्यावरची नजर काढली नाही.

६

नेव्यानानं मोजणी पुरी केली. उजेड मोजला नाही, प्रत्येक दार वाजवलं, आणि ज्या दारामागून माणूस बोलला तेच घर धरलं. आकडा इतका लहान निघाला की तिनं तो दोनदा पडताळून मग लिहिला. मनोरा गेला. पण त्याबरोबर इमारतही गेली असती.

म्हणून तिनं आकड्याखाली कुणी न मागितलेला चौथा पर्याय लिहिला. चारही विंगमध्ये एकेकटी विखुरलेली माणसं पहिल्या विंगमध्ये एकत्र आणावीत. तेवढीच दुरुस्त करावी, लिफ्टसकट. बाकीच्या तीन उतरवून जागा मोकळी ठेवावी. कुणी परत आलं, तर त्याच्यासाठी. नगरपालिकेच्या सभेत तासन्‌तास वाद झाला, ओग्न्यान तावातावानं उभा राहून बोलला, आणि शेवटी तिच्या पर्यायाच्या बाजूनं हात वर झाले.

आजीनं तिच्याशी बोलणं टाकलं. सामान हलवायच्या दिवशी तिनं दिमोव्हला, रुमेनला, सगळ्यांना फोन करून किल्ल्या कुठं पाठवू विचारलं. बहुतेकांनी सांगितलं, फेकून दे, आजी.

पुढच्या वर्षी पितरांच्या शनिवारी नेव्याना पुन्हा त्या गावी आली. मेतोदीला त्याच्याच गावी पुरलं होतं, पण तिला इथं यावंसं वाटलं. जिथं तो शेवटचं बोलला तिथं. तिसऱ्या विंगच्या जागी आता मातीचं मैदान होतं. तिनं जमिनीवर थोडी वाइन ओतली. वारा होता, पण आवाज कुणाचाच आला नाही. त्याचंच तिला जास्त भय वाटलं.

"अशी काय उभी आहेस रिकाम्या हातांनी?"

आजी पाठीमागे उभी होती. हातात साखर घातलेल्या उकडलेल्या गव्हांचं भांडं. तिनं कागदाच्या पेल्यात गहू भरून नेव्यानापुढे केले. "घे. त्रिफोनसाठी. आणि तुझ्या त्या पोरासाठी."

दोघींनी उभ्या उभ्याच खाल्ले.

"नवं घर कसं आहे, आजी?"

"घर कसलं, खुराडं! भिंती म्हणजे कागद. माझ्या डोक्यावर किरो राहतो, गोदीतला. रात्रभर खोकतो मेला. शेजारीण पहाटे कॉफी दळते ती माझ्या कानात. कोण म्हणालं तुला सगळ्यांना एकत्र कोंबायला?"

"मीच. चुकलं असेल माझं."

"चुकलंच." आजीनं भांड्यावर झाकण ठेवलं. "परवा रात्री खोकला थांबला. एकदम. मी अंथरुणात उठून बसले. वाट पाहिली. मग वर गेले आणि त्याचं दार बडवलं. दार उघडून म्हणतो कसा, 'औषध घेतलंय म्हातारे, झोपू दे की.'"

"मग?"

"मग काय, पहाटेकडे लागला परत खोकायला," आजी म्हणाली. "तेव्हा कुठं माझा डोळा लागला."